दुल्ह्याचा उरूस

अचलपूरच्या परकोटाला ज्या वेशी आहेत त्यांतल्या एकीचं नाव दुल्हा दरवाजा. आता सगळे दुल्हा गेट म्हणतात. परतवाड्याहून ऑटोत बसताना तेवढं सांगितलं की पुरतं. वेशीला राजाचं नाव असतं, दिशेचं असतं, पुढच्या गावाचं असतं. नवरदेवाच्या नावाची वेस मला तरी दुसरी ठाऊक नाही. हा नवरदेव म्हणजे शाह अब्दुल रहमान गाझी, लोकांच्या तोंडी दुल्हा रहमान. बिच्छन नदीच्या काठाला त्याचा दर्गा आहे आणि तिथं उरूस भरतो.

उरूस हा शब्द मराठी माणसाच्या इतका अंगवळणी पडलेला आहे की त्याचा मूळ अर्थ विचारायची वेळ सहसा येत नाही. पीर, दर्गा, पाळणे, रेवड्या, कुस्त्यांची दंगल, रात्रभर कव्वाली असं एक चित्र शब्दासोबत येतं आणि काम भागतं. अरबीत मात्र ‘उर्स’ म्हणजे लग्न. लग्नाचा सोहळाही आणि लग्नाचं जेवणही. त्याच धातूपासून आलेला ‘अरूस’ जुन्या अरबीत नवरा आणि नवरी दोघांनाही चालतो. फारसी-उर्दूत येईपर्यंत तो नवरीपुरता उरला. अडचण अशी की दर्ग्यावरचा उरूस असतो पीराच्या मृत्यूच्या तारखेला. मरणतिथीला लग्न म्हणायची ही कोणती रीत?

सूफी परंपरेचं उत्तर सरळ आहे. देहात असेपर्यंत जीव परमेश्वरापासून दूर असतो, देह सुटला की भेट होते. ज्याला जग मरण म्हणतं ते वलीच्या, म्हणजे संताच्या, बाबतीत मीलन असतं, म्हणून त्या दिवसाला लग्न म्हणायचं. याला आधार म्हणून एक हदीस सांगतात. ती तिरमिझीच्या संग्रहात आहे. कबरीत मुनकर आणि नकीर हे दोन फिरिश्ते येतात, मेलेल्याला प्रश्न विचारतात, आणि उत्तरं बरोबर आली तर त्याला सांगतात की आता नव्या नवऱ्यासारखा झोप, ज्याला घरातलं सगळ्यांत लाडकं माणूसच उठवायला येतं. मौलाना रूमी १७ डिसेंबर १२७३ रोजी कोन्यात वारले. तुर्कस्तानात ती रात्र आजही ‘शब-ए-अरूस’, म्हणजे लग्नाची रात्र, या नावानं पाळली जाते. अजमेरच्या ख्वाजा मोईनुद्दीन चिश्तींचा उरूस रजब महिन्याच्या सहाव्या तारखेला, ‘छठी’ला, पुरा होतो. तीही मृत्यूचीच तारीख. मराठी वाचकाला यात बिचकण्यासारखं काही नाही. ज्ञानेश्वरांच्या विरहिणी ज्याला माहीत आहेत त्याला देवाची वाट पाहणारी नवरी ओळखीची असते. फरक एवढाच, की आपल्याकडे विरहिणी अभंगात राहिली आणि तिकडे लग्नाची तारीख पंचांगात गेली.

आता हा शब्द मराठीत आला कसा ते पाहू. ‘उर्स’ या एका झटक्याच्या शब्दाचं मराठीनं ‘उरूस’ केलं. हे काही अडाणीपणातून झालेलं नाही, त्याला शिस्त आहे. हुक्मचा हुकूम झाला, जुल्मचा जुलूम झाला, त्याच वळणावर उर्सचा उरूस झाला. शब्दाच्या शेवटी दोन व्यंजनं एकमेकांना चिकटून आली की मराठी जीभ मधे एक स्वर घालते, आणि आधी ‘उ’ असला तर बहुधा ‘ऊ’च घालते. कब्रची कबर झाली, जख्मची जखम झाली, तिथं ‘अ’ घातला. म्हणजे हा शब्द कुणी किताबातून उचललेला नाही. तो कानावर पडला, तोंडात बसला, आणि मग त्याला विभक्ती लागली. उरुसाला, उरुसात, उरुसाचा. वऱ्हाडीत ‘उरसाले चाल्लो’ म्हणतात, तेव्हा तर तो पुरता गावचा झालेला असतो.

क्रियापद त्याहून बोलकं आहे. उर्दूत उर्स होतो किंवा मनवला जातो. मराठीत तो भरतो. बाजार भरतो, जत्रा भरते, शाळा भरते, तसा उरूस भरतो. लग्न लागतं, ते कधी भरत नाही. मराठीनं शब्द घेतला आणि त्यातलं लग्न काढून माणसांची गर्दी ठेवली. धर्मशास्त्र मशिदीत आणि खानकाहत, म्हणजे सूफींच्या मठात, राहिलं, शब्द मात्र दर्ग्याबाहेरच्या मोकळ्या जागेतून, पालांच्या रांगेतून आत आला. माझा या लेखातला मुद्दा तेवढाच आहे, फक्त वऱ्हाडात त्याला एक गाठ पडते. मराठीनं शब्दातून लग्न काढून टाकलं तरी या मुलखात ते कथेत आणि विधीत टिकून राहिलं.

त्याआधी ईदचा हिशेब चुकता करतो, कारण उरूस म्हणजे मुसलमानांचा सण असं सर्रास लिहिलं जातं. शास्त्रानं ईद दोनच. रमजानचे रोजे सुटतात ती ईद-उल-फित्र. फित्र म्हणजे रोजा सोडणं. दुसरी ईद-उल-अजहा, कुर्बानीची. ‘ईद’ शब्दाचं मूळ अरबी कोशकारांनी ‘परत येणं’ या अर्थाच्या धातूत शोधलं: जी दरवर्षी फिरून येते ती ईद. आधुनिक अभ्यासकांपैकी अनेकांना तो सिरियाक किंवा आरामाईक भाषेतल्या सण या अर्थाच्या शब्दावरून आलेला वाटतो, आणि मला तेच जास्त पटतं. अरब कोशकारांना परका शब्दही आपल्याच धातूत बसवून दाखवायची हौस होती, जशी आपल्याकडच्या पंडितांना प्रत्येक शब्द संस्कृतातून काढायची असते. कुराणात हा शब्द एकदाच येतो, तोही ईसाच्या, म्हणजे येशूच्या तोंडी. आकाशातून अन्नानं भरलेला थाळ उतरू दे आणि तो दिवस आम्हाला ईद ठरू दे अशी त्याची प्रार्थना ‘माइदा’ या सूरेत आहे. ‘बकरीद’ हा तर आपल्याकडचाच घाट. ‘बकर’ म्हणजे अरबीत गाय-बैल. कुराणाची दुसरी सूरा ‘अल-बकरा’ म्हणजे गाय. भारतीय कानाला त्यात बकरा ऐकू आला आणि मराठीत सरळ ‘बकरी ईद’ झाली. मराठीत ईद येते, साजरी होते, पण कधी भरत नाही.

उरूस या दोन्हींत मोडत नाही. कुठल्याही शरीयतीच्या ग्रंथानं तो मुसलमानावर बंधनकारक केलेला नाही. देवबंदी उलेमांना त्यातला गाजावाजा नापसंत, अहले-हदीसवाल्यांना तर तो मुळातच अमान्य, आणि बरेलवी परंपरेनं तो हिरिरीनं जपलेला. १८६६ साली देवबंदचा मदरसा सुरू झाल्यापासूनचा हा वाद वऱ्हाडच्या मोहल्ल्यांतही आहे. एकाच घरात एक भाऊ संदलाच्या मिरवणुकीत पुढे आणि दुसरा त्या रात्री दार लावून घरात, हे काही नवल नाही. अकोला जिल्ह्यातल्या बाळापूरला शाह इनायतुल्लांची नक्शबंदी खानकाह आहे. नक्शबंदी म्हणजे सूफींमधले अबोल लोक. गाणं-बजावणं वर्ज्य, मनातल्या मनात नामस्मरण. तेव्हा दर्गा दिसला की कव्वाली असणारच, असं धरून चालू नये.

*

आता दुल्ह्याकडे वळू. इंग्रजी अमदानीतल्या गॅझेटिअरांनी नोंदवलेली कथा अशी. इलिचपुरात, म्हणजे आजच्या अचलपुरात, ईल नावाचा जैन राजा होता. त्याच्या राज्यात एका फकिराला राजाच्या माणसांनी क्रूर शिक्षा केली. फकीर गझनीला गेला. तिथं सुलतान महमूदचा भाचा अब्दुल रहमान याचं त्या वेळी लग्न चाललं होतं. फकिराची हकीकत ऐकून तो मांडवातून उठला, सेहरा तसाच, आणि फौज घेऊन वऱ्हाडावर आला. लढाईत ईल राजा पडला आणि नवरदेवही पडला. सांगणाऱ्यागणिक तपशील बदलतात. कुणी त्याच्यासोबत त्याची आई आली म्हणतं, कुणी डोकं तुटल्यावरही धड लढत राहिलं म्हणतं. नवरदेवाचा वेष मात्र सगळ्यांच्या कथेत आहे, त्यावाचून कथाच उभी राहत नाही.

इतिहास म्हणून यातलं फारसं काही टिकत नाही. कथेला साल दिलं जातं इसवी १००१. त्या वर्षी नोव्हेंबरात महमूद गझनवी पेशावरजवळ जयपालाशी लढत होता. नर्मदा-तापी ओलांडून वऱ्हाडात भाचा पाठवायला त्याला उसंत नव्हती, रस्ताही माहीत नव्हता. शिवाय ईल राजानं शहर वसवलं ते संवत १११५ मध्ये, म्हणजे १०५८ साली, असं स्थानिक परंपराच सांगते. मग शहर वसण्याआधी सत्तावन्न वर्षं त्याच्यावर स्वारी झाली म्हणायची. उत्तरेकडची फौज अचलपुरी आल्याचा भरवशाचा दाखला अलाउद्दीन खिलजीचा आहे. १२९६ मध्ये देवगिरीवर जाताना तो इथं येऊन गेला, आणि तहात रामदेवराव यादवानं त्याला इलिचपूर प्रांताचं उत्पन्न तोडून दिलं. दर्ग्याची इमारत बहमनी काळातली सांगतात. म्हणजे कथा इमारतीहून जुनी असल्याचा कुठलाही पुरावा नाही.

पण कथा खोटी ठरवून हात झटकावेत असंही नाही. असाच एक नवरदेव उत्तरेत आहे. उत्तर प्रदेशात बहराइचला सय्यद सालार मसूद, म्हणजे गाझी मियाँ. तोही महमूदचा भाचा. तोही कोवळ्या वयात, परंपरेप्रमाणे १०३४ साली, लढाईत पडला. तोही लग्न न होता गेलेला नवरा. रुदौलीची जोहराबीबी ही त्याची नियोजित वधू, आणि जेठ महिन्यातल्या तिथल्या मेळ्याला लोक गाझी मियाँची शादीच म्हणतात. गावोगावच्या बराती येतात, पलंग-पीढा आणतात. त्याचं चरित्र म्हणून मानली जाणारी ‘मिरात-ए-मसूदी’ सतराव्या शतकात अब्दुर रहमान चिश्तींनी लिहिली, म्हणजे घटनेनंतर सहाशे वर्षांनी. इतिहासकार शाहीद अमीन यांनी २०१५ मध्ये या गाझी मियाँवर अख्खा ग्रंथ लिहिला. तुर्की योद्ध्याची कहाणी गवळी-शेतकऱ्यांच्या तोंडी जाऊन भलतीच कशी होते, गाईंचा रक्षणकर्ताही तोच कसा ठरतो, हे त्यांनी त्यात दाखवलं आहे. अचलपूरचा दुल्हा त्याच घराण्यातला दिसतो. माझा तर्क असा, की आधी उरूस होता आणि मग दुल्हा आला. पीराच्या मृत्युदिनाला लग्न म्हणायची रीत आधीच रुजलेली होती. त्या लग्नाचा अर्थ न कळलेल्या पिढ्यांनी विचारलं असेल, कुणाचं लग्न? आणि गोष्टीनं उत्तर दिलं. शब्दातलं रूपक विसरलं गेलं की त्याची कथा होते, असं पुष्कळ ठिकाणी झालेलं आहे. अर्थात हे सिद्ध करायला माझ्याकडे कागद नाही.

वऱ्हाडात ही गोष्ट रुजायला जमीनही तयार होती. या प्रांताचं नावच लग्नाला चिकटलेलं. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त बेरार हे नाव ‘वरदातट’वरून, म्हणजे वर्धा नदीच्या काठावरून, लावलं आहे. गावातली म्हातारी माणसं मात्र रुक्मिणीच्या लग्नाचं वऱ्हाड इथं आलं म्हणून वऱ्हाड, असं ठासून सांगतात. वर्धेच्या काठचं कौंडण्यपूर हे रुक्मिणीचं माहेर. अमरावतीच्या अंबादेवीला ती दर्शनाला आली आणि तिथून कृष्णानं तिला नेलं. भाऊ रुक्मी पाठलागाला गेला, हरला, आणि बहीण घेतल्याशिवाय घरी जाणार नाही या शपथेपायी त्यानं भोजकट वसवलं. ते भोजकट म्हणजे अमरावतीजवळची भातकुली असं लोक म्हणतात. वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याच्या ताम्रपटात ‘भोजकट राज्य’ आहे, आणि तो ताम्रपट सापडला चम्मकला, अचलपूरपासून काही कोसांवर. म्हणजे एकाच टापूत दोन लग्नं आहेत. एक नवरदेव देवळातून नवरी घेऊन गेला, दुसरा नवरी मांडवात सोडून आला. अचलपूरला मूर्तिजापुराशी जोडणारी अरुंद रुळांची गाडी १९१३ पासून धावत होती. तिलाही लोकांनी नाव दिलं शकुंतला, नवऱ्यानं विसरलेल्या बाईचं! आता ती गाडीही बंद पडली आहे.

*

विधी पाहिले की लग्न स्पष्ट दिसतं. उरुसाच्या आदल्या दिवशी संदल निघतो. चंदन उगाळून त्याचा लेप ताटात घेतात, डोक्यावर किंवा घोड्या-उंटावर ठेवतात, ताशा-बँड लावून गावातून मिरवतात आणि रात्री कबरीला तो लेप लावतात. लग्नाच्या आदल्या दिवशी हळद लागते, तसंच हे. नंतर गलेफ चढतो. अरबी ‘गिलाफ’, म्हणजे आच्छादन, मराठी तोंडात गलेफ झालं. फुलांची चादर, अत्तर, आणि सेहरा. फुलांचा सेहरा कबरीवर बांधतात तेव्हा तरी कुणाला शंका राहू नये. मग फातिहा, आणि न्याजचं जेवण. मुजावर हा शब्दही पाहा. अरबीत मुजाविर म्हणजे शेजारी, देवस्थानाच्या आसऱ्यानं राहणारा. महाराष्ट्रात ते आडनाव झालं.

नवसाची कंदुरी हा वेगळाच प्रकार. बकरा कापून दर्ग्याच्या आवारात किंवा जवळच्या झाडाखाली शिजवतात आणि आप्तेष्टांना जेवू घालतात. फारसीत कंदूरी म्हणजे चामड्याचं किंवा कापडाचं दस्तरखान, ज्यावर जेवण मांडतात. आपल्याकडे कापड गेलं आणि जेवण राहिलं. हा नवस बोलणाऱ्यांत हिंदू घरं किती असतात, हे वऱ्हाडातल्या कुणालाही सांगायची गरज नाही. कुणबी, माळी, बौद्ध, बंजारा घरांतल्या बायका मूल व्हावं म्हणून, दुखणं जावं म्हणून बोलतात आणि फेडतात. अचलपूरहून जवळच बहिरम आहे, डिसेंबर-जानेवारीत महिनाभर चालणारी जत्रा. तिथली मातीच्या हंडीतली मटणाची भाजी आणि रोडगे प्रसिद्ध आहेत. गाडगेबाबांनी तिथं पशुहत्येविरुद्ध ठाण मांडलं. बहिरम हिंदू देव, दुल्हा मुसलमान पीर, हे पालवाल्याला आणि जेवणाऱ्याला माहीत असतं. त्यावरून हंडी काही बदलत नाही.

अकोल्याहून पातूरकडे जावं तर तिथं शेख बाबूंचा दर्गा. जुन्या सरकारी पुस्तकांत या गावाचं नावच ‘पातूर शेख बाबू’. चौदाव्या शतकात दिल्लीकडून आलेले शेख अब्दुल अजीज हे शेख बाबू, आणि दर्ग्याच्या बांधकामाशी अब्दुर्रहीम खानखानानचा संबंध सांगतात. दोह्यांचा रहीम तोच. मोगलांनी १५९६ मध्ये वऱ्हाड घेतल्यावर दख्खनच्या मोहिमांत त्याची अर्धी हयात गेली. गावाच्याच टेकडीत त्याहून कितीतरी जुनी कोरीव लेणी आहेत. वाशीमकडचं मंगरूळपीर तर हयात कलंदरांच्या दर्ग्यामुळे पीर झालं. फारसी-अरबी शब्द वऱ्हाडात मुरायला पुष्कळ वर्षं मिळाली. १४९० साली स्वतंत्र झालेली इमादशाही मुळात विजयनगरकडच्या ब्राह्मण घरात जन्मलेल्या फतेहउल्लाची. मग मोगल आले, आणि १७२४ च्या शक्करखेडल्याच्या लढाईनंतर निजाम. इंग्रजांनी १८५३ मध्ये कारभार घेतला तरी नावानं मालकी निजामाची होती. महसुलाचे शब्द या राजवटींबरोबर आले, पण उरूस कुठल्याही फर्मानातून आला नसावा.

माधव ज्यूलियनांनी १९२५ मध्ये फारसी-मराठी कोश केला आणि पुढे स्वतःच भाषाशुद्धीच्या बाजूला गेले. सावरकरांनी शेकडो प्रतिशब्द घडवले. त्या सगळ्या चाळणीतून उरूस तसाच्या तसा बाहेर आला. ‘जत्रा’ हा शब्द शेजारी तयार असताना कुणी तो उरुसाच्या जागी रुजवू शकलं नाही.

*

अमरावतीचा या शब्दाशी आणखी एक धागा आहे, तो थेट शिर्डीपर्यंत जातो. १८९७ च्या डिसेंबरात अमरावतीला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे, टिळकांचे जिवलग आणि नामांकित वकील. त्याच १८९७ मध्ये शिर्डीत पहिला उरूस भरला. कोपरगावचे सर्कल इन्स्पेक्टर गोपाळराव गुंड यांना खूप उशिरा मुलगा झाला, तो साईबाबांच्या आशीर्वादानं असं त्यांनी मानलं आणि उरुसाची कल्पना गावापुढे ठेवली. उरूस सुचवणारा हिंदू अंमलदार, उचलून धरणारे तात्या पाटील आणि माधवराव देशपांडे. कुलकर्ण्यानं विरोधी शेरा मारला म्हणून कलेक्टरनं आधी परवानगी नाकारली, मग दिली. बाबांनी दिवस नेमून दिला रामनवमीचा. इथं उरुसात कुणाची मृत्युतिथी नव्हती. बाबा तर समोर जिवंत बसलेले. म्हणजे १८९७ पर्यंत मराठीत उरूस शब्दाचा लग्नाशीही संबंध उरला नव्हता आणि मरणाशीही. पुढे कोऱ्हाळ्याच्या अमीर शक्कर दलाल यांनी त्याच दिवशी संदलही सुरू केला.

हेमाडपंतांच्या साईसच्चरितात पुढची गोष्ट आहे. १९१२ च्या उरुसाला खापर्ड्यांबरोबर कृष्णराव जागेश्वर भीष्म शिर्डीला आले होते. दीक्षितवाड्यात पडल्या पडल्या त्यांच्या मनात आलं की उरूस रामनवमीलाच येतो यात काही संकेत असेल, मग रामजन्म का करू नये? काका महाजनींना ते पटलं, बाबांची परवानगी मिळाली. मशिदीत पाळणा टांगला, भीष्मांनी कीर्तन केलं, राधाकृष्णाबाईंनी सुंठवडा केला. गुलाल उधळताना तो बाबांच्या डोळ्यांत गेला आणि बाबा संतापले, लोक पांगले, मग ते शांत झाले. रात्री संदल नेहमीसारखाच निघाला. उरूस रामनवमी झाला असं आता सहज म्हटलं जातं. पण हेमाडपंतांचं वर्णन नीट वाचलं तर दिसतं की दोन्ही एकाच दिवशी, एकाच मशिदीत, सकाळ आणि रात्र वाटून घेऊन चालू राहिले. मोठेपणाचा वाटा पुढे कुणाकडे गेला ते सगळ्यांना दिसतं.

शिर्डीचा दिवस चैत्रात ठरलेला, तसाच बुलडाण्यातल्या सैलानीचा फाल्गुनात. पिंपळगाव सराईजवळच्या या दर्ग्यावर हाजी अब्दुल रहमान सैलानींच्या नावानं जी यात्रा भरते ती होळीला सुरू होते. नारळांची होळी पेटते, भक्त अंगावरचे जुने कपडे, बिबे, लिंबं तीत टाकतात, आणि रंगपंचमीच्या सुमारास सांडणीवरून संदल येतो. दर्गा मुसलमान पीराचा, विधी संदलाचा, तिथी होळीची. मनानं आजारी माणसांना दवाखान्याऐवजी इथं आणून ठेवण्याच्या रिवाजावर अंधश्रद्धा निर्मूलनवाले वर्षानुवर्षं बोलत आलेत आणि त्यांचं म्हणणं खरं आहे. श्रद्धेचं कौतुक करताना साखळीनं बांधलेला माणूस नजरेआड करता येत नाही.

उलट नागपूरचे ताजुद्दीन बाबा १७ ऑगस्ट १९२५ रोजी वारले. हिजरी तारीख होती २६ मोहरम, आणि त्यांचा उरूस त्याच तारखेनं चालतो. हिजरी वर्ष सुमारे अकरा दिवसांनी लहान असल्यानं तो दरवर्षी मागे सरकतो आणि साधारण तेहतीस वर्षांत सगळे ऋतू फिरून येतो. कधी भर पावसात, कधी मे महिन्याच्या उन्हात. पाळणेवाले, खेळण्यांची पालं लावणारे, रेवडी-चिक्कीवाले यांना म्हणून दोन पंचांगं ठेवावी लागतात. बहिरम जानेवारीत उरकलं की सैलानी कधी हे होळीवरून कळतं. बाकीच्या उरुसांसाठी चंद्र कधी दिसला ते मुजावरालाच विचारावं लागतं.

अलीकडे फलक बदलू लागलेत. वऱ्हाडच्या गावांत पूर्वी ‘उरूस’ छापायचे, आता ‘उर्स शरीफ’ असतं, अरबीशी जास्त प्रामाणिक. कानाला ते जरा परकं वाटतं, पण ज्यांचा पीर आहे त्यांनी नाव कसं लिहावं हे मी कोण सांगणार. स्थानिक वृत्तपत्रांनीही नवं रूप उचललं आहे. बातमीचा मथळा मात्र असा येतो, ‘पातूर येथे आजपासून उर्स भरणार’.